सवलतीसाठी आणलेला खाऊ

‘आणखी थोडं घ्या आणि पैसे वाचवा’ अशी गोड विनंती हल्ली दिवसातून दोनदा तरी होते. कधी मोबाइलवर, कधी साडीच्या दुकानात. या विनंतीला मान द्यावा की नाही? घरखर्च सांभाळणाऱ्या प्रत्येकीने करून पाहावा असा हा छोटासा हिशेब.

नागपूरच्या महालात वाडा जुना असो, की वाडा पाडून उभा राहिलेला फ्लॅट, स्वयंपाकघरातल्या अडचणी त्याच. दूध नासते. हरभऱ्याचे पीठ नेमके पाटोडीच्या दिवशी संपते. पूर्वी अशा वेळी पोराच्या हाती पिशवी देऊन ‘पळ बरं कोपऱ्यावर’ म्हणायचे. आता मोबाइल उचलायचा, बोटाने चार वस्तू निवडायच्या, की पंधरा-वीस मिनिटांत दारात पोरगा हजर. सोय मोठी आहे, यात शंका नाही.

पण त्या चार वस्तू निवडून झाल्या, की एक गंमत घडते. समजा, १६३ रुपयांचे सामान झाले. लगेच पडद्याच्या खालच्या बाजूला एक रंगीत पट्टी उगवते: ‘आणखी ३६ रुपयांचे सामान घ्या, डिलिव्हरी मोफत मिळवा!’ पट्टी जवळजवळ भरलेली असते. टोकाशी एवढीशीच रिकामी. आणि बाजूलाच हात जोडून उभे राहावे तसे चॉकलेट, शेवेचे पाकीट, आइस्क्रीमचा कप. आपण म्हणतो, ‘तीस रुपये डिलिव्हरीचे फुकट घालवायचे, त्यापेक्षा चाळीस रुपयांचं चॉकलेट तरी येईल!’ आणि चॉकलेट यादीत जाते.

मैत्रिणींनो, यात आपण शहाणपणा केला की आपल्याला कोणी शहाणे करून सोडले? उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात देता येत नाही. कधी आपण खरोखर जिंकतो, कधी हरतो, आणि गंमत म्हणजे दोन्ही वेळा जिंकल्यासारखेच वाटते. म्हणून हिशेब हवा.

दोन बेरजा, एक वजाबाकी

चॉकलेटच्या वेष्टनावर ४० रुपये छापलेले असतात. पण सवलतीसाठी घेतलेल्या वस्तूची खरी किंमत वेष्टनावर नसते. ती काढावी लागते. रीत सोपी आहे. ती वस्तू न घेता एकूण किती द्यावे लागतात, ही पहिली बेरीज. ती घेऊन एकूण किती, ही दुसरी. दुसरीतून पहिली वजा करा. उरेल ती त्या खाऊची खरी किंमत.

आपल्याच उदाहरणात पाहू. न घेता: सामान १६३ आणि डिलिव्हरी ३०, एकूण १९३ रुपये. घेऊन: १६३ अधिक ४०, एकूण २०३ रुपये, डिलिव्हरी शून्य. म्हणजे चॉकलेट पडले १० रुपयांना. खायचे असेल तर सौदा चांगला. पण ‘तीस रुपये वाचले’ असे जे मनात आले होते, तसे काही झालेले नाही. खिशातून दहा रुपये जास्तच गेले.

आता दुसरा प्रकार. समजा, महिन्याचे सामान ९३० रुपयांचे झाले आहे आणि ९९९ रुपयांच्या वर १०० रुपये सूट आहे. ७५ रुपयांचे चिवड्याचे पाकीट घातले, की बिल १,००५ होते, सूट जाऊन ९०५ उरते. न घेता ९३०, घेऊन ९०५! इथे चिवडा फुकट तर आलाच, वर २५ रुपये परत घेऊन आला. अशा वेळी ‘मला नको गं ती असली प्रलोभनं’ म्हणून नाक मुरडणे हाच तोटा आहे. चिवडा नको असेल तर शेजारच्या आजींना द्या, पण घ्या.

तिसरा प्रकार मात्र जपायचा. सूट तीच, ९९९ वर १०० रुपये, पण आपले सामान झाले आहे ६४० रुपयांचे. ‘शंभर रुपये सोडायचे होय?’ असे म्हणून आपण आणखी ३६० रुपयांचे काहीबाही घालतो. बिल १,०००, सूट जाऊन ९००. म्हणजे शंभर वाचवण्यासाठी २६० रुपये जास्त मोजले. त्यात पुढच्या महिन्याचे तेल-साखर असेल तर हरकत नाही, ते कधीतरी आणायचेच होते. पण बिस्किटे, सरबताच्या बाटल्या आणि ‘बघू या कसं लागतं’ अशी पाकिटे असतील, तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच.

साडीच्या दुकानातही हीच वजाबाकी लागू पडते. समजा, २,००० च्या खरेदीवर १० टक्के सूट, पण जास्तीत जास्त १५० रुपये, अशी पाटी आहे. आपली साडी १,७०० ची. काउंटरवरचे दादा म्हणतात, ‘ताई, तीनशेचा एक ब्लाउजपीस घेऊन टाका, दोनशे सुटतात.’ दोनशे सुटत नाहीत, दीडशेच सुटतात, कारण पाटीवरची शेवटची ओळ बारीक अक्षरात आहे. दोन हजारातून दीडशे गेले, १,८५० उरले. ब्लाउजपीस पडला १५० ला. कापड दीडशेच्या लायकीचे असेल आणि घरात त्या रंगाची साडी असेल तर घ्यावा. नाहीतर कपाटातल्या ब्लाउजपिसांच्या गठ्ठ्यात आणखी एकाची भर, आणि पुढच्या हळदीकुंकवाला तो कोणाच्या तरी ओटीत जायचा!

पट्टीत न दिसणारा आकडा

आतापर्यंत दोन बेरजा झाल्या. पण आणखी एक बेरीज असते, आणि ती कोणतीच पट्टी आपल्याला दाखवत नाही. ती म्हणजे चार पावलांवरच्या दुकानाची.

वर चॉकलेट दहा रुपयांना पडले असे आपण म्हटले, ते डिलिव्हरीचे ३० रुपये द्यावे लागणारच, असे धरून. पण महालासारख्या जुन्या वस्तीत किराण्याचे दुकान बहुधा गल्लीच्या तोंडाशीच असते. तेच सामान तिथे त्याच भावात मिळाले तर १६३ रुपये. म्हणजे एकच सामान तीन वाटांनी येऊ शकते: दुकानातून १६३ ला, डिलिव्हरी भरून १९३ ला, आणि चॉकलेटसकट २०३ ला. आपण शेवटच्या दोन वाटांची तुलना करतो आणि सर्वांत महाग वाटेने जाऊन ‘वाचवलं’ म्हणतो. दुकानाशी तुलना केली तर चॉकलेट पूर्ण ४० रुपयांनाच पडले.

यावर कोणी म्हणेल, ‘तुमचं ठीक आहे हो, मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो तेव्हा बाहेर पडून दाखवा!’ अगदी खरे आहे. नागपूरच्या उन्हात दुपारी दोन वाजता मिठासाठी बाहेर पडावे असे कोणीच सांगणार नाही. ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांच्या मांडीवर तान्हे मूल आहे, ज्या सहा वाजता ऑफिसातून येऊन सात वाजता कुकर लावतात, त्यांच्या पायांना आणि वेळेला किंमत आहे. पण मग ती किंमत सरळ द्यावी. तीस रुपये पोचवण्याचे, आले घरी सामान, संपला विषय. १९३ हा आकडा २०३ पेक्षा लहानच आहे. आपल्याला मात्र होते असे, की वस्तू न मिळता दिलेले तीस रुपये जिवाला लागतात आणि वस्तू घेऊन दिलेले चाळीस लागत नाहीत. कोणी भर उन्हात गाडी हाकत आपले सामान आणून दिले, ही काय वस्तू नव्हे?

हात पुढे का होतो?

हे आपल्यालाच होते असे नाही. माणसाच्या मनाची ठेवणच तशी आहे, आणि तिचा अभ्यास झालेला आहे.

२००६ मध्ये जोसेफ न्यून्स आणि झेवियर ड्रेझ या अमेरिकेतल्या अभ्यासकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. मोटारी धुऊन देणाऱ्या केंद्रावर त्यांनी ३०० गिऱ्हाइकांना कार्डे दिली. अर्ध्या कार्डांवर आठ रिकामी घरे. आठ वेळा गाडी धुतली, की एक धुणे मोफत. उरलेल्या कार्डांवर दहा घरे, पण त्यांतली दोन आधीच शिक्का मारून भरलेली. दोघांनाही गाडी आठच वेळा धुवायची होती. तरी पहिल्या गटात १९ टक्क्यांनी कार्ड पुरे केले, दुसऱ्या गटात ३४ टक्क्यांनी. ‘थोडं झालंय, आता पुरं करू या’ ही ओढ अशी असते. मोबाइलवरची अर्धी भरलेली पट्टी त्याच ओढीवर चालते. आपण अर्धवट विणलेला स्वेटर टाकून देत नाही, त्यातलीच ही गोष्ट.

‘मोफत’ या शब्दाची जादू तर वेगळीच. २००७ मध्ये क्रिस्टिना शम्पानिए, नीना मझार आणि डॅन अ‍ॅरिएली यांनी चॉकलेटांचाच प्रयोग मांडला. उंची चॉकलेट १५ सेंट आणि साधे १ सेंट अशा भावात ठेवले, तेव्हा घेणाऱ्यांपैकी ७३ टक्क्यांनी उंची चॉकलेट घेतले. मग दोन्हींचा भाव एकेका सेंटने उतरवला. उंची १४ सेंटला, साधे फुकट. फरक तोच, १४ सेंटांचा. पण आता ६९ टक्के लोक साध्याकडे वळले. एका सेंटने काय फरक पडतो? हिशेबात काहीच नाही. ‘फुकट’ या शब्दाने मात्र पारडेच फिरले.

‘डिलिव्हरी मोफत’ या दोन शब्दांसाठी आपण चाळीस रुपयांचे चॉकलेट का घेतो, त्याचे उत्तर यात आहे. एवढेच, की दुकानदारालाही हे उत्तर माहीत आहे. सुटीची रेघ तो नेहमीच्या खरेदीच्या जरा पलीकडे मारतो. लोक दीडशेचे सामान मागवत असतील तर रेघ १९९ ला. हाताच्या अंतरावर, पण हात लांबवल्याखेरीज गाठता न येणारी. यात फसवणूक नाही, तो धंदा आहे. आपण मात्र तो धंदा आहे हे ओळखून असावे.

सांबार कोण टाकतं?

वस्तूवर वस्तू घेण्याची हौस आपल्याला नवी नाही. कपडे धुण्याच्या पावडरीबरोबर बादली आणि चहाच्या पुड्याबरोबर चमचा आपण घेतलाच आहे. त्याही आधीपासून चालत आलेली एक रीत तर प्रत्येकीच्या अंगवळणी पडलेली आहे.

विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे बाहेरून सून म्हणून आलेल्या मुलींना पहिल्या आठवड्यातच कळते. भाजी तोलून झाली, पैसे दिले, तरी आपली पिशवी मिटत नाही. ‘काऊन भाऊ, सांबार नाही टाकत का आज?’ आणि भाऊ, महागाईच्या दिवसांत जरा कुरकुरत का होईना, दोन काड्या सांबार आणि चार मिरच्या वरून टाकतो. ‘घ्या बाप्पा, तुमच्याशी कोण बोलणार!’ व्यवहार संपल्यावर वरून पडणारे ते हिरवे काही तोलले जात नाही, बिलात येत नाही. नेहमीच्या गिऱ्हाइकाला ते नेहमीच्या विक्रेत्याने द्यायचे असते.

तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन पोरे दारात येतात तेव्हा आपण त्यांच्या हातावर बोजारा ठेवतो. कोणी खाऊ देते, कोणी पैसे. त्याला ‘अमुक घरांच्या वर गेलास तरच मिळेल’ अशी अट नसते.

मोबाइलवरच्या खाऊत आणि या सांबारात फरक आहे तो इथेच. वर टाकायचे ते आता विकणारा टाकत नाही, आपण टाकतो. आपल्याच पैशाने आपल्याच पिशवीत. आणि तरीही आनंद होतो तो मात्र सांबार मिळाल्याचाच! जुन्या रिवाजाचे समाधान आणि नव्या व्यापाराचे गणित अशी ही जोडी आहे.

याचा अर्थ नवे सारे वाईट आणि जुने सारे सोज्वळ असा नव्हे. कोपऱ्यावरचा दुकानदार जुना माल खपवत असेल, भाव जास्त लावत असेल, तर त्याला सोडून मोबाइलवरून मागवणे यात काही पाप नाही. पण त्याच्याकडे उधारीची वही असते. अडल्यावेळी तो ‘द्या काकू नंतर’ म्हणतो. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा अशी जवळची दुकाने किती कामाची, ते आपण सगळ्यांनी पाहिले. ही ओळख टिकवायची तर त्याच्याकडे अधूनमधून पाय वळायला हवेत. चाळीस रुपयांच्या चॉकलेटची किंमत मोजताना हाही एक आकडा धरावा.

खाऊ घरात आल्यावर

आता थोडे त्या खाऊकडेही पाहू या. रेघ गाठण्यासाठी आपण काय घालतो? बहुतेक वेळा गोड नाहीतर तळलेले. कारण ते समोरच मांडलेले असते, ठरवायला वेळ लागत नाही आणि ‘नको’ म्हणणारे घरात कोणी नसते.

एका चॉकलेटने काय होते, असे म्हणू नका. आठवड्याला तीन वेळा सामान मागवले, तर महिन्याला बारा वेळा होते. प्रत्येक वेळी ४० रुपयांचा खाऊ म्हणजे महिन्याला ४८० रुपये आणि वर्षाला ५,७६० रुपये. इतक्या पैशात घरातल्या सर्वांची दिवाळीची मिठाई येते, आणि तीही मनासारखी.

पैशांपेक्षाही मोठा प्रश्न प्रकृतीचा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीचा अंदाज आहे, की भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले, की वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी उष्णता दिवसाच्या एकूण आहाराच्या दहा टक्क्यांच्या आत असावी, आणि पाच टक्क्यांच्या आत, म्हणजे साधारण २५ ग्रॅम, राहिली तर अधिक बरे. चहातच ही साखर भरते. अशा घरात फ्रिजच्या दारात चॉकलेट पडलेले असले, की ते कोण खाते? मुले एक तुकडा, आणि दुपारी सगळे झोपले की सासूबाई दोन! त्यांच्यावर रागावण्यात अर्थ नाही. दारात आणून ठेवले ते आपणच. ‘मी काही त्यांच्यासाठी आणलं नव्हतं, सुटीसाठी आणलं होतं’ हे रक्तातल्या साखरेला कळत नाही.

मग करायचे काय?

सूट सोडायची नाही आणि सुटीच्या मागेही धावायचे नाही, यासाठी काही साध्या युक्त्या आहेत.

भरतीची यादी ठेवा. ज्या वस्तू नासत नाहीत आणि लागणारच आहेत, त्यांची यादी फ्रिजवर चिकटवा: मीठ, काड्यापेटी, भांड्यांचा साबण, वाती, कापूर, हिंग, जिरे, केराच्या पिशव्या. रेघ गाठायला तीस-चाळीस रुपये कमी पडले, की चॉकलेटऐवजी यातले एक घाला. ३८ रुपयांचा साबण घातला तर बिल २०१ होईल, पण तो साबण पुढच्या आठवड्यात घ्यायचाच होता. म्हणजे इथे तुमचे ३० रुपये खरोखरच वाचले.

एक दिवस थांबा. दूध किंवा औषध असेल तर गोष्ट वेगळी. एरवी यादीत वस्तू घालून ठेवा आणि मागवू नका. दोन दिवसांत रेघ आपोआप ओलांडली जाते, काही न भरता. आठवड्याच्या तीन ऑर्डरींची एक झाली, की डिलिव्हरीही नाही आणि खाऊही नाही.

वाड्याची एक ऑर्डर करा. खालच्या वहिनींना तेल हवे, वरच्या मावशींना साबुदाणा, तुम्हाला हरभऱ्याचे पीठ. तिघींनी वेगवेगळे मागवले तर तीन चॉकलेटे, एकत्र मागवले तर एकही नाही. पैसे मात्र त्याच दिवशी चुकते करावेत, म्हणजे शेजारधर्म गोड राहतो.

ही कल्पना काही नवी नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली, आणि १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारपाजारच्या कुटुंबांचे गट करून महिन्याचे सामान एकत्र खरेदी करण्याची पद्धत रुजवली. त्यात बायकांनीच पुढाकार घेतला. दुकानदाराने ठरवलेल्या रेघेपर्यंत आपण एकेकट्याने उड्या मारायच्या, की चौघींनी मिळून आपली खरेदी एवढी मोठी करायची की रेघच मागे पडावी? दुसरी वाट जास्त फायद्याची. महालकरणींना तर इतवारीची किराणा ओळ हाकेच्या अंतरावर आहे. दोन-तीन घरांनी मिळून वर्षाची हळद-तिखट, गूळ, डाळ तिथून आणली, तर जी बचत होईल तिच्यापुढे डिलिव्हरीची सूट किरकोळ वाटेल.

वजनाचा भाव पाहा. रेघेसाठी घेतली जाणारी पाकिटे बहुतेक वेळा लहान असतात आणि लहान पाकिटात ग्रॅममागे भाव जास्त पडतो. हल्ली बऱ्याच पाकिटांवर ग्रॅमचा किंवा मिलिलिटरचा भावही छापलेला असतो. छापील किमतीच्या जवळपास बारीक अक्षरात शोधा.

परतीचा नियम वाचा. सुटीसाठी घातलेली वस्तू परत केली आणि बिल रेघेखाली आले, तर दिलेली सूट कापून घेण्याची अट अनेक योजनांत असते. ‘नंतर परत करू’ हा बेत म्हणूनच आधी तपासून घ्यावा.

कायदा आपल्या बाजूने कुठे?

एक रेघ मारून ‘हिच्या पलीकडे सूट’ असे जाहीर करणे बेकायदा नाही. घ्यायचे की नाही हे आपल्या हातात असते. पण काही ठिकाणी पुढची पायरी गाठली जाते. आपण न निवडलेली वस्तू किंवा दोन रुपयांची देणगी बिलात हळूच येऊन बसते. सुरुवातीला एक किंमत दिसते आणि पैसे भरताना हाताळणीचे, पावसाचे, पिशवीचे असे आकार एकामागून एक उगवतात. ‘फक्त पाच मिनिटे उरली!’ अशी खोटी घाई केली जाते. ‘नको, मला बचत नको’ असे लिहिलेल्या बटणावर बोट ठेवायला लावून आपल्याला ओशाळे केले जाते.

अशा युक्त्यांना ‘डार्क पॅटर्न’ म्हणतात. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने याबाबत मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली आणि अशा तेरा प्रकारांची यादी देऊन त्यांना मनाई केली. न विचारता यादीत वस्तू घालणे, किंमत थेंबाथेंबाने उघड करणे, खोटी घाई आणि ओशाळे करणे हे चारही त्यात आहेत. जून २०२५ मध्ये प्राधिकरणाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना तीन महिन्यांत स्वतःची तपासणी करण्याचा सल्लाही दिला. तेव्हा बिलात आगंतुक वस्तू दिसली, की आधी ती काढून टाका. पैसे कापले गेले असतील तर बिलाचे छायाचित्र ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. ‘दोन रुपयांसाठी कुठे फोन करायचा?’ असे लाख घरांनी म्हटले, की कोणाच्या तरी खात्यात दोन लाख जमा होतात.

‘माझा खाऊ’

आता शेवटची गोष्ट, आणि ती पैशांची नाही.

महिन्याचा खर्च मोजून-मापून करणारी बाई स्वतःसाठी म्हणून चॉकलेट सहसा घेत नाही. मुलांसाठी घेते, पाहुण्यांसाठी घेते. स्वतःला हवे असले तर निमित्त शोधते. सूट हे तसले एक छान निमित्त आहे. ‘अहो, घ्यावंच लागलं, नाहीतर डिलिव्हरीचे पडत होते!’ असे सांगितले, की कोणी विचारत नाही आणि आपल्यालाही आपला राग येत नाही. चार दिवसांच्या धावपळीनंतर रात्री ओटा पुसून झाल्यावर खाल्लेला तो एक तुकडा खरोखरच गोड लागतो. त्या गोडीला कोणी नावे ठेवू नयेत.

मात्र निमित्तावर मिळालेला खाऊ आपल्या आवडीचा असतोच असे नाही. तो रेघेच्या मापाचा असतो. छत्तीस रुपये कमी पडले म्हणून चाळिसाचे जे समोर दिसले ते. मनातून हवी असते संत्राबर्फी आणि घरात येते ते लिमलेटच्या गोळ्यांचे पाकीट!

त्यापेक्षा महिन्याच्या जमाखर्चाच्या वहीत दूध, किराणा, वीज, फी यांच्या खाली एक ओळ वाढवावी: ‘माझा खाऊ’. समोर आकडा घालावा, झेपेल तो. पन्नास असेल, शंभर असेल. तो कोणाला समजावून सांगावा लागू नये, सुटीच्या पोटात लपवावा लागू नये. नवऱ्याच्या पानाचे आणि मुलांच्या क्रिकेटच्या बॉलचे पैसे जसे उघड लिहितो, तसेच हे लिहावे. मग महिन्यातून एकदा गांधी गेटकडे फिरायला जाताना आवडीच्या दुकानातून हवी तेवढीच मिठाई तोलून घ्यावी. पाव किलो नको असेल तर शंभर ग्रॅम. बसून खावी. मधुमेह असेल तर भाजलेले दाणे-फुटाणे, एखादे पुस्तक, एक गजरा, जे मनाला गोड लागेल ते.

ही ओळ वहीत आली, की मोबाइलवरच्या त्या पट्टीचे अर्धे बळ आपोआप कमी होते. उरलेल्या अर्ध्यासाठी आपली वजाबाकी आहेच. पुढच्या वेळी ‘आणखी ३६ रुपयांचे घ्या’ असे दिसले, की घाई करू नका. न घेता किती, घेऊन किती, आणि दुकानातून आणले तर किती, असे तीन आकडे कागदावर मांडा. ज्या वेळी चॉकलेट जिंकेल त्या वेळी खुशाल घ्या. ज्या वेळी हरेल त्या वेळी तीस रुपये सरळ देऊन टाका, नाहीतर चपला पायात घाला आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन या. येताना भाजी दिसली तर तीही घ्या, आणि वर सांबार मागायला विसरू नका.